अस्तर फाटलं, जॅकेट नव्हे

‘अस्तर फाटलं ना? मग काढून टाक आता ते जॅकेट. त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.’ नोएडात थंडीची चाहूल लागली, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून चामड्याची जॅकेटं खाली उतरली, की दर वर्षी हे वाक्य ऐकू येतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसातल्या चहाच्या वेळी, ड्रायक्लीनरच्या काउंटरवर. बोलणारे शहाणेसुरते, हिशेबी लोक असतात आणि त्यांच्या बोलण्यात इतकी खात्री असते, की समोरचा माणूस काही न विचारता मान डोलावतो. मला मान डोलावता येत नाही. हा सल्ला हिशेबात चुकतो, कारागिरीच्या बाबतीत चुकतो, आणि नोएडासारख्या शहरात राहून कुणी तो देत असेल तर त्याला आपल्या भोवतालाची ओळखच झालेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

मुळात अस्तर कशासाठी असतं, इथपासून गैरसमज आहे. आतल्या शिवणी झाकून जॅकेट नीटनेटकं दिसावं म्हणून ते लावतात, असं बहुतेकांना वाटतं. झाकणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम. चामड्याची आतली बाजू खरखरीत असते. तिचे तंतू सुटतात, ती घाम शोषते, कधी कधी शर्टावर रंग सोडते आणि लोकरीच्या स्वेटरला तर घट्ट धरून ठेवते. मध्ये गुळगुळीत अस्तर असलं की हात बाहीतून सरळ सरकतो. ते नसलं की जॅकेट ओढून अंगात घालावं लागतं आणि ती प्रत्येक ओढ काखेतल्या शिवणीवर येते. आतला खिसा तर अस्तरातच बसवलेला असतो. त्यातल्या पाकिटाचा आणि मोबाईलचा भार अस्तरच उचलतं.

म्हणून जॅकेटात सगळ्यांत आधी अस्तर झिजतं, आणि ते तसंच व्हायला हवं. चांगलं चामडं नीट राखलं तर वीस-पंचवीस वर्षं टिकतं. अस्तर त्याच्या निम्मंही टिकत नाही, कारण घामातलं मीठ, अत्तराचे फवारे आणि रोजचं घर्षण ते स्वतःवर घेतं. व्हिस्कोसचं अस्तर असेल तर ओलं झाल्यावर त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ते काखेत आणि मानेमागे विरतं. स्वस्त पॉलिएस्टर टॅफेटा असेल तर कापड शाबूत राहतं, पण धागे शिवणीपासून सरकतात आणि शिवणीलगत जाळी पडते. बाहीचं तोंड आणि आतल्या खिशाचा कोपरा या आणखी दोन ठरलेल्या जागा. यातली एकही गोष्ट चामडं संपल्याची खूण नाही. झिजण्यासाठी जो भाग लावला होता तो झिजला, एवढंच घडलं आहे. मोटारीचे ब्रेकपॅड झिजले म्हणून गाडी भंगारात काढा असा सल्ला कुणी देत नाही, पण जॅकेटच्या बाबतीत तोच सल्ला व्यवहारज्ञान म्हणून खपतो.

दुसऱ्या टोकाला काही जण म्हणतात, ‘आतून कोण बघतंय? फाटलंय तर फाटू दे.’ ही भूमिका मला अधिक घातक वाटते. फाटक्या अस्तरात हात अडकतो, माणूस जोर लावतो, चीर वाढते आणि मग चामड्याला थेट घाम लागू लागतो. नोएडाच्या पावसाळ्यात असं घाम मुरलेलं जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद राहिलं की त्यावर बुरशी धरते. घाम आणि वाळणं यांच्या फेऱ्यांतून काख कडक होते, मग तिथे भेगा पडतात. अशा रीतीनं दोन-अडीच मीटर कापडाचं दुखणं चामड्यापर्यंत पोचतं, आणि तोच मनुष्य पुढे म्हणतो, ‘बघा, जॅकेट खराबच झालं होतं.’

आता पैशांचं बोलू, कारण विरोधकांचा सगळा भर तिथे आहे. पूर्ण अस्तर बदलायला कारागीर साधारण दीड हजारापासून तीन हजारांपर्यंत सांगतो. कापड भारी असेल, आतले खिसे जास्त असतील तर थोडं वर. लगेच उत्तर येतं, ‘तेवढ्यात बाजारात नवं जॅकेट मिळतं.’ मिळतं, पण कशाचं? त्या किमतीत मिळतं ते बहुतेक वेळा कापडावर पॉलियुरेथेनचा थर चढवलेलं नकली चामडं. तो थर उष्णता आणि दमट हवा यांनी हळूहळू विघटित होतो आणि तीन-चार वर्षांत कॉलर-कोपरांवर सोलपटं निघू लागतात. त्याला कुठलाही कारागीर वाचवू शकत नाही. खऱ्या चामड्याच्या जॅकेटची तुलना खऱ्या चामड्याच्या जॅकेटशीच व्हायला हवी. तशी केली की एका बाजूला दोन-तीन हजार आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या कितीतरी पट रक्कम उभी राहते. अस्तर बदलण्याचा खर्च जास्त वाटतो तो चुकीच्या वस्तूशेजारी ठेवल्यामुळे.

मजुरीबद्दलही एक सांगायला हवं. अस्तर बदलणं म्हणजे एका कुशल माणसाचं जवळपास दिवसभराचं काम. दोन हजारांतून कापड, धागा, भाडं, वीज वजा केली तर त्याच्या हातात जे उरतं ते फार नाही. एका रात्रीच्या बाहेरच्या जेवणावर तेवढे पैसे खर्च करणारे लोक या मजुरीला ‘लूट’ म्हणतात तेव्हा मला मनापासून राग येतो. लुटीचा हा आरोप ज्याला घासाघीस सहन करावी लागते त्याच्यावरच होतो. मॉलमधल्या छापील किमतीपुढे आपण गप्प बसतो.

यानंतरचा आक्षेप म्हणजे, ‘इथे असं काम करणारं कुणी नाही.’ नोएडात! १९७६ साली न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटीच्या आद्याक्षरांवरून ज्याला नाव मिळालं आणि जे वसवलंच गेलं कारखान्यांसाठी, त्या शहरात. फेज टूमधलं होजिअरी कॉम्प्लेक्स, सेक्टर ५७ ते ६५ मधल्या गल्ल्या, इथल्या शिलाई कारखान्यांतून जगभरच्या दुकानांसाठी कपडे निघतात. उत्तर प्रदेश सरकारनं ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत गौतम बुद्ध नगर जिल्ह्यासाठी निवडलेलं उत्पादन तयार कपडे हेच आहे. सेक्टर २४ मध्ये १९८६ पासून फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट उभी आहे; २०१७ च्या कायद्यानं तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि तिथे चपला-बुटांबरोबर चामड्याच्या वस्तूंचंही शिक्षण दिलं जातं. यमुनेच्या याच काठावर, दिल्लीतल्या सीलमपूर मेट्रो स्टेशनजवळच्या जाफराबादेत तर जॅकेटांचा आख्खा बाजार आहे. जिथे जॅकेट शिवतात तिथे ते उसवून पुन्हा शिवणारे हात नसतील हे शक्यच नाही.

पण आपण जातो कुठे? सोसायटीच्या गेटजवळच्या ड्रायक्लीनरकडे. तो ‘नहीं होगा सर’ म्हणतो. त्याचं काम धुण्याचं आहे, त्यानं नाही म्हणणं स्वाभाविक आहे. त्याच्या नकाराला आपण सबंध शहराचा नकार समजतो हे चूक. मग साध्या शिंप्याकडे जातो. तोही नाही म्हणतो, आणि त्याचं कारण मात्र ऐकून घेण्यासारखं आहे. कापडात सुई चुकली तर टीप उसवून पुन्हा घालता येते, भोक धुण्यात मिटतं. चामड्यात पडलेलं भोक कायमचं. एकाच रेषेत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मशीन चालवलं की पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी छिद्रांची ओळ तयार होते आणि चामडं तिथेच फाटतं. टाचण्या लावता येत नाहीत, तापलेली इस्त्री टेकवता येत नाही. दुसऱ्याची महागडी वस्तू बिघडवण्याची भीती त्याला वाटते आणि ती रास्त आहे.

या भीतीवर उपाय नाही हे मात्र मी मान्य करणार नाही. जाणकार कारागीर अस्तर बदलण्याचं काम दोन रीतींनी करतात. पहिल्या रीतीत पुढच्या चामड्याच्या पट्टीपाशी जुनं अस्तर पूर्ण उसवतच नाहीत. शिवणीपासून अर्धा-पाऊण इंच जुन्या अस्तराची किनार ठेवून बाकीचं कापून घेतात आणि नवं अस्तर त्या किनारीला जोडतात. चामड्याला सुई लागतच नाही, एकही नवं भोक पडत नाही. हे निव्वळ कापडाचं काम झालं. कोट शिवणारा कुठलाही चांगला शिंपी ते करू शकतो. किनार विरली नसली म्हणजे झालं. दुसऱ्या रीतीत शिवण पूर्ण उसवतात आणि चामड्यासाठीची टोकदार सुई लावून, मशीनचं चाक हातानं फिरवत, टाका जुन्याच छिद्रांतून घेतात. याला वेळ लागतो आणि अनुभवही. तुमच्या शिंप्याला दुसरी जमत नसेल तर पहिलीबद्दल विचारा. नुसतं ‘अस्तर बदलून द्याल का’ असं विचारलं तर नकार मिळतो. ‘जुनी किनार ठेवून नवं जोडाल का’ असं विचारलं तर तो जॅकेट उलटं करून बघायला लागतो.

बाकी सगळं काम मापाचं आहे. जुनं अस्तर हाच नव्याचा नमुना असतो, म्हणून ते फाडून फेकायचं नसतं. टीपेटीपेनं उसवून, प्रत्येक तुकड्यावर खडूनं खूण करून, इस्त्रीनं सपाट करून त्यावरून नवं कापड बेततात. डावी-उजवी बाजू सारखीच असल्यानं जी कमी फाटली आहे ती वापरली तरी चालतं. पाठीच्या मध्यावर उभी चुणी असते, साधारण इंचभराची. घाईचा कारागीर ती गाळतो, कापड वाचवतो आणि महिनाभरात खांद्यामागे अस्तर पुन्हा उसवतं, कारण हात पुढे घेतला की पाठ रुंदावते आणि चामड्यापेक्षा अस्तराला अधिक सैल जागा लागते. तसंच बाहीच्या अस्तराचं: ते बाहीहून जरा लांब हवं, नाहीतर हात वर केला की मनगटाशी चामडं आत खेचलं जातं. खालच्या घेरातही थोडा झोळ ठेवावा लागतो. शेवटी एका बाहीच्या अस्तराची शिवण उघडी ठेवून सगळं जॅकेट त्यातून उलटं करून बाहेर काढतात आणि ती फट हातटाक्यानं बंद करतात. ज्यानं हे एकदा नीट पाहिलं आहे तो या कामाला किरकोळ दुरुस्ती म्हणणार नाही.

कापडाच्या निवडीत मला तडजोड मान्य नाही. दिल्लीतल्या गांधीनगरच्या किंवा नेहरू प्लेसच्या कापडबाजारात सगळ्यात स्वस्त टॅफेटा घेतला की पुन्हा तीन हिवाळ्यांत तेच. व्हिस्कोसचं ट्विल किंवा चांगलं साटीन घ्यावं. मिळालं आणि परवडलं तर क्युप्रोचं कापड घ्यावं. उबेसाठी रुईभरलं क्विल्टेड अस्तर हवं असेल तर ते फक्त अंगाला, बाहीला नको. आणि जॅकेट मुळात अंगासरशी असेल तर अंगालाही नको, कारण चेन लागणार नाही. बाहीला सुती कापड कधीच घालू नये, ते स्वेटरला धरतं. आणि काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यावं. डिसेंबरात कारागिरासमोर नव्या जॅकेटांचा ढीग असतो. तेव्हा घाईनं झालेलं काम घाईचंच दिसतं.

कुठल्या जॅकेटला हे करू नये, तेही सांगतो. सोललेल्या नकली चामड्यावर पैसा घालू नये. खरं चामडं असूनही चिमटीत दुमडल्यावर तडकत असेल, दुमडीवर बारीक भेगा उमटत असतील, तर त्याचा जीव गेला आहे. अशी जॅकेटं असतात. पण ‘काढून टाक’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजण ही चिमटीची परीक्षा आधी घेतात?

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो बहुधा तरुणांकडून येतो, म्हणून त्याला मी जास्त गंभीरपणे घेतो. चामडं म्हणजे हिंसा आणि प्रदूषण, तेव्हा जुनी जॅकेटं टिकवण्याचा आग्रह कशाला. ती जाऊ देत, पुढे कृत्रिम घेऊ. नवं चामडं विकत घ्यायचं नाही असं कुणी ठरवत असेल तर मला त्याचा आदर आहे. पण घरात असलेल्या जॅकेटची किंमत आधीच चुकती झाली आहे. मेंढीच्या एका कातड्यातून पाच-सहा चौरस फूट चामडं निघतं आणि एका जॅकेटला पस्तीस-चाळीस चौरस फूट लागतं. सहा-सात जनावरं त्यात गेली आहेत. क्रोमियमच्या क्षारांनी ते कमावलं गेलं आहे. कानपूरच्या जाजमऊतल्या टॅनऱ्यांचं पाणी गंगेत जात होतं म्हणून सर्वोच्च न्यायालयाला १९८७ साली एम. सी. मेहता खटल्यात आदेश द्यावा लागला, की सांडपाण्यावर किमान प्राथमिक प्रक्रिया न करणाऱ्या टॅनऱ्यांनी काम थांबवावं. नदीनं, जनावरांनी आणि टॅनऱ्यांच्या हौदांत उभ्या राहणाऱ्या कामगारांनी जे भोगायचं ते भोगून झालं आहे. आता ते जॅकेट आठ वर्षांत फेकलं तर त्या हानीतून आठच वर्षं वसूल झाली; पंचवीस वर्षं वापरलं तर निदान तिचं काही मोल राहिलं. शिवाय फेकलेलं चामडं जातं कुठे? पानिपतच्या गिरण्यांत जुन्या लोकरी कपड्यांचा पिंजून धागा होतो. चामड्याचा होत नाही. ते कचऱ्याच्या डोंगरावर जातं. तिथे आग लागली आणि चामडं जळलं तर त्यातल्या क्रोमियमचं अधिक विषारी रूप तयार होऊ शकतं. नोएडाहून दिल्लीकडे निघालं की गाझीपूरचा तो डोंगर दिसतोच; १९८४ पासून तिथे कचरा पडतो आहे आणि तो पेटल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. जनावरांविषयीच्या कळवळ्यातून जॅकेट त्या ढिगाकडे पाठवणं आणि बदल्यात पेट्रोलियमपासून बनलेलं, चार वर्षांत सोलणारं दुसरं घेणं, ही करुणा कुणाच्याच उपयोगाची नाही.

या सगळ्या आक्षेपांच्या तळाशी मला आणखी एक गोष्ट दिसते. दुरुस्ती हे हलकं काम, आणि चामड्याची दुरुस्ती तर त्याहून हलकी, असं आपण मनात धरून चाललो आहोत. चामड्याला हात लावणाऱ्या माणसांना या देशानं शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं. त्यांच्या हातची वस्तू अंगावर मिरवायची, पण त्यांच्याकडे ती परत न्यायला संकोच वाटतो, याचं मूळ त्या इतिहासात आहे. नव्या वस्तूच्या दुकानात हा संकोच लागत नाही, कारण तिथे कारागीर दिसत नाही.

नोएडातल्या मराठी माणसांनी तरी दुरुस्तीला हलकं मानू नये. ज्यांचा आपण अभिमानानं उल्लेख करतो त्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या शिल्पकार राम सुतार यांची कर्मभूमी हेच शहर होतं. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा घडवणारा हा कलावंत १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत औरंगाबादेत होता, आणि अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचं काम करत होता. दुसऱ्यानं घडवलेल्या वस्तूची झीज वाचणं, मूळ हाताची पद्धत ओळखणं आणि आपला टाका त्यात मिसळून देणं याला नव्यानं घडवण्याइतकंच कसब लागतं. दगड मोठा आणि अस्तर लहान, एवढ्यावरून त्या कसबाची प्रत ठरत नाही.

राहिला दानाचा मुद्दा. ‘आम्ही फेकत नाही, गार्डला देतो.’ जानेवारीत इथलं किमान तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरतं, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि सोसायटीच्या गेटवर तो माणूस रात्रभर उभा असतो. मोटारीत हीटर लावून फिरणाऱ्याला जे जॅकेट अस्तर फाटल्यामुळे नकोसं झालं, ते फाटक्या अस्तरासकट त्याच्या हाती देण्याला मी दान म्हणणार नाही. चामडं वारा अडवतं, पण थंडगार होतं. ऊब अस्तरात आणि त्याच्या आतल्या हवेच्या थरात असते. ज्याला उबेची सर्वांत जास्त गरज त्याला आपण नेमका तोच भाग तुटलेला देतो. द्यायचं असेल तर दोन हजार खर्चून, नवं अस्तर घालून द्या. ते परवडत नसेल तर साधं नवं कापडी जॅकेट द्या.

सरकारकडूनही काही मागायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरातली टिकाऊ उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिनं धरली; अंगावरचे कपडे त्यात नाहीत. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलातच ६ ते २५ युरोंपर्यंत सवलत मिळते आणि अस्तर बदलण्याचं काम त्या यादीत आहे. त्यासाठीचा पैसा कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. हे भारतात का होऊ नये? आपल्याकडे तर कारागीर शोधायला परदेशी जावं लागत नाही. चामड्याचं जॅकेट विकणाऱ्यानं जादा बटणासारखा अस्तराचा कागदी नमुना आणि कापडाची माहिती सोबत द्यावी, अस्तराची जोड चामड्यावर न घेता आतल्या कापडी किनारीवर घ्यावी, म्हणजे पुढच्या कारागिराला सुई चामड्याला लावावी लागणार नाही. कारखान्यात याला जॅकेटमागे काही मिनिटं आणि हातभर कापड लागेल. सेक्टर २४ मधल्या संस्थेनं दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम काढून अट्टा मार्केटच्या शिंप्यांना किनारीची रीत शिकवावी आणि प्रमाणपत्र द्यावं. पुढच्या हिवाळ्यात ड्रायक्लीनरनं ‘नहीं होगा’ म्हटल्यावर त्याच्याच शेजारच्या गाळ्यात ते काम व्हायला लागेल.